कॅप्टनचे धक्केकरी

मुलगी पाहायला गेलो, त्या दिवशी मी तिच्या वडिलांच्या जीपच्या कार्बोरेटरमध्ये माझा हातरुमाल विसरलो.

वडील म्हणजे कॅप्टन. सैन्यात ते एक दिवसही नव्हते. सैन्यात होती ती जीप. नगरला लष्कराच्या मोडीत काढलेल्या गाड्यांचा लिलाव झाला, त्यात त्यांनी ती घेतली आणि कोपरगावजवळच्या आपल्या मळ्यावर आणली. गावानं जीपचा हुद्दा मालकाला देऊन टाकला. कॅप्टननीही तो मनावर घेतला. मिशा वाढवल्या, आणि जीप चालू करण्याआधी "सावधान!" असा हुकूम सोडू लागले. हुकूम सगळे पाळत, जीप सोडून.

ती सकाळी गार म्हणून चालू होत नसे आणि दुपारी तापली म्हणून. सकाळी चोक जरा जास्त ओढला की पेट्रोल ओव्हर व्हायचं, वास सुटायचा, मग कॅप्टन बॉनेटवर हात ठेवून म्हणायचे, "रुसलीय. दम खाऊ द्या तिला." दुपारी पेट्रोल ओढणाऱ्या छोट्या पंपातच त्याची वाफ व्हायची, म्हणून पंपावर ओला फडका. दुष्काळाचं साल होतं ते, लांबून कळशा भरून आणायचे दिवस. पण फडका ओलाच. त्यावर काकूंचं, म्हणजे त्यांच्या पत्नीचं, ठरलेलं वाक्य होतं : "घरातली मानसं वाळली तरी चालंल, ह्यांचा पंप वाळाया नगं!"

शेवटी उपाय एकच, धक्का. त्याची गावात रीतच पडली होती : जो धक्का देईल त्याला जीपमध्ये जागा. कोपरगावला जाणारी माणसं एसटी सोडून पारावर कॅप्टनची वाट पाहत बसायची. कॅप्टन त्यांना 'माझे धक्केकरी' म्हणत. स्वतः स्टिअरिंगवर बसत, पण नजर रस्त्यावर कमी आणि आरशात जास्त. "मानूस बोलन्यात फसवतो, जेवन्यात फसवतो. धक्क्यात न्हाई फसवू शकत," असं त्यांचं मत. मुलीसाठी आलेली दोन स्थळं त्यांनी याच आरशात बघून नापास केली होती. एकानं नुसता हात लावला होता, दुसऱ्याचं सगळं लक्ष आपल्या पँटच्या इस्त्रीवर.

तिसरा मी. नगरजवळच्या नागापूरच्या एका कारखान्यात, स्टोअरमध्ये नटबोल्ट काढून द्यायच्या कामाला. पण बैठकीत माझ्या मामानं सांगून टाकलं, "पोरगा यंत्रातला आहे." मी मान डोलावली, कारण तेवढ्यात सुमन पोह्यांच्या बशा घेऊन आली होती. पोरगा विमानं दुरुस्त करतो असं मामा म्हणाला असता तरी मी मान डोलावली असती. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि हसू दाबलं. मला हीच मुलगी हवी होती. बाकी सगळं कॅप्टनच्या हातात.

सगळ्यांनी जीपनं शिर्डीला दर्शनाला जायचं ठरलं. चोकची तार नेमकी तुटलेली. कॅप्टन म्हणाले, "चला यंत्रातलं पाव्हणं, दावा तुमचा इलम."

आमच्या कारखान्याच्या ड्रायव्हरला मी एकदा कार्बोरेटरच्या तोंडावर तळहात दाबून गाडी चालू करताना पाहिलं होतं. चोकचंच काम ते. हवा कमी, पेट्रोल जास्त. पण मुलीसमोर हात तेलकट नकोत, म्हणून मी हवेचा पाइप काढून त्या तोंडात रुमालच कोंबला. जीप दोनदा खोकली, काळा धूर ओकली आणि गप्प झाली. इतक्यात आतून "चहा झाला!" अशी हाक आली. मी गडबडीनं पाइप जागेवर बसवून पट्टी मात्र कारखान्याच्या शिस्तीनं घट्ट आवळली. रुमाल आत.

चहानंतर "सावधान!" झालं. धक्का सुरू. मळ्यापासून रस्त्यापर्यंत, रस्त्यापासून कालव्याच्या पुलाकडं. जीप फक्त पेट्रोलचा वास सोडत होती. धक्केकरी वाढत गेले. अखेर सुमनही पदर खोचून आली आणि माझ्या शेजारीच जीपला भिडली.

"पाव्हणं, घाम पुसा की," ती हळूच म्हणाली.

मी खिशात हात घातला. खिसा रिकामा.

"आतच हाय न्हवं?"

"सांगू नका हो. तुमचे वडील हाकलतील मला."

"हाकलतीलच. ढकला गप."

मी मान खाली घातली ती वर काढलीच नाही. पुलाशी सगळे दम खायला बसले. "अण्णा, मी बघते," असं वडिलांना म्हणत सुमननं बॉनेट उघडलं, आमच्याकडं पाठ करून काहीतरी खुडबुड केली आणि मुठीत होतं ते कमरेला खोचलं. पुढच्याच धक्क्याला जीप बंदुकीसारखा बार काढून चालू झाली. कॅप्टन खाली उतरले आणि थेट मला मिठी!

"आरशात बघत हुतो मी. समद्यांनी दम टाकला, ह्यो पठ्ठ्या मान वर करंना! मामा, सुपारी फोडा!"

पुढं काही वर्षांनी माझ्या मेहुण्यांनी जीपला डिझेल इंजिन बसवलं. कार्बोरेटर गेला, चोक गेला. आता डिझेल पंपातून थेट इंजिनात फवारलं जायचं. किल्ली फिरवली की चालू. घरदार खूश. कॅप्टन म्हणाले, "ही जीप न्हाई, पिठाची गिरनी हाय." पारावरची माणसं एसटीनं जाऊ लागली. धक्का न देता फुकट बसायचं कसं? कॅप्टननी त्यावर तोड काढली. पाराशी येऊन ते स्वतःच इंजिन बंद करायचे आणि ओरडायचे, "पडली रं बंद!" माणसं धावत यायची, पाच-दहा पावलं ढकलायची, कॅप्टन हळूच किल्ली फिरवायचे आणि सगळे मानानं आत बसायचे. खरं काय ते प्रत्येकाला ठाऊक होतं. एकही जण कधी बोलला नाही. हे त्यांच्या शेवटच्या आजारापर्यंत चाललं.

त्यांचा दहावा करून आम्ही एसटीनं नगरला परतत होतो. "एवढ्या माणसांत अण्णांनी मलाच ओळखलं गं," मी म्हणालो. "त्या दिवशी माझ्यासारखं ढकलणारं कुणी नव्हतं."

सुमननं खिडकीतून नजरही वळवली नाही.

"मी शेजारीच हुते. तुमी ढकलत नव्हता, लोंबकळत हुता."