मामूंच्या वाफ्यातला मोल

वाचकहो, जरा सावरून बसा. बातमी गंभीर आहे. साऱ्या अरबस्तानात आजवर एकच मोल होऊन गेला, आणि तो अहमदी नावाच्या तेलाच्या गावात, आमच्या शेजारच्या मामूंच्या मेथीच्या वाफ्याखाली राहत होता.

मोल हा विलायतेतला, आपल्या चिचुंद्रीचा दूरचा भाऊबंद. मखमली काळा, डोळे नावापुरते, पुढचे पाय फावड्यासारखे. जन्मभर जमिनीखाली उकरायचं आणि गांडुळांवर जगायचं. मामूंनी हे कंपनीच्या गोऱ्या साहेबाच्या घरातल्या एका जुन्या पुस्तकात वाचलं होतं, आणि मामूंनी एकदा वाचलं की त्यावर वाद संपला.

रत्नागिरीकडचे मामू तेलकंपनीच्या गोदामात होते. जिथं हिरवं पान नाही तिथं मी नांदणार नाही, असं गावी राहिलेल्या मामी दर सुट्टीत बजावत. शेवटी एका हिवाळ्यापुरतं बघून जायला त्या कबूल झाल्या. पटलं तर राहणार, नाहीतर परतीची बोट. म्हणून मामू अंघोळीचं पाणी वाचवून मेथी वाढवत होते, आणि नेमके वाफ्यात मातीचे ढिगारे उठू लागले.

मोल आंधळा असला तरी पावलांचा हादरा ओळखतो, असं पुस्तक म्हणे. त्यामुळे मामूंकडे चहाला अनवाणी, चवड्यांवर जावं लागे. माझा देह पाहून मला चहा फाटकाबाहेरच मिळे. मोलचं पोट भरलं की तो उकरणार नाही, हा मामूंचा सिद्धांत. पण वाळवंटात गांडूळ कुठलं? मामूंनी शेवया उकडून बिळाच्या तोंडाशी ठेवल्या. सकाळी शेवया फस्त. गांडुळंच समजला, म्हणून मामू खूश. पुढं एकदा मी तो प्राणी पाहिला: वाळूच्या रंगाचा, टपोऱ्या डोळ्यांचा, शेपटीला गोंडा. उघडउघड वाळवंटातला उंदीर. तसं म्हणालो, तर मामू शांतपणे म्हणाले, "उन्हानं रंग उडाला असंल." डोळ्यांविषयी त्यांनी बोलणं टाळलं.

सापळा लावा, मी सुचवलं. त्यावर त्यांनी सांगितलं की मोल जवळजवळ सारा जन्म एकटा काढतो. सांगताना त्यांचा आवाज उतरला. वर्षानुवर्षं एकट्यापुरतं रांधणारा माणूस तो. सापळा काही लागला नाही.

मामी आल्या तेव्हा अर्धा वाफा ढिगाऱ्यांखाली गेला होता. मामू मान खाली घालून उभे. मामी उकिडव्या बसून उरलेली मेथी बोटांनी चाचपत होत्या. तेवढ्यात बिळातून एक तोंड वर आलं, आणि त्याला खेटून दुसरं. मामूंनी भान विसरून जे काही म्हटलं, त्यावर मामी पदर तोंडाला लावून हसत राहिल्या, आणि परतीच्या बोटीचा विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही. आता मामू नाहीत, मामी नाहीत, वाफाही नाही. पण चवड्यांवर उभे राहून मामू तेव्हा जे बोलले, ते माझ्या कानात अजून आहे:

"अगे, याची पन बायको आयली."