धनीची मान आणि मंगल सिस्टर

समजा, तुमच्यासमोर अडीच वर्षांची एक मुलगी बसली आहे. तिच्या हनुवटीपासून छातीपर्यंत पट्टी आहे. ती कालची पट्टी तुम्हाला सोडवायची आहे. आतली जाळी जखमेला चिकटलेली आहे. ओढली तर रक्त येणार, नाही काढली तर खाली पू साचणार. मुलगी तुमच्या तोंडाकडे बघत नाही, फक्त हाताकडे बघते आहे. हात जवळ आला की ती ओरडणार, हे तिलाही माहीत आहे आणि तुम्हालाही. सुरुवात कुठून कराल?

मंगल सिस्टर सुरुवात पाण्यापासून करायच्या. सलाइनची बाटली आधी कोमट पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवायच्या, कारण गार पाणी जखमेला झोंबतं. मग सुई नसलेली सिरिंज भरून मुलीच्याच हातात द्यायच्या. "पट्टीला तहान लागलीय बघ. पाणी पाज तिला." मूल पट्टीवर पाणी उडवायचं, सिस्टरच्या साडीवरही उडवायचं. दहा मिनिटं असं चालायचं. या कामातलं सगळ्यात अवघड काम म्हणजे ही दहा मिनिटं थांबणं, असं त्या म्हणायच्या, कारण बाहेर आणखी चार मुलं रांगेत असतात. मग त्या कन्नडमध्ये आकडे मोजायच्या, एका आकड्याला पट्टीचा एक वेढा. ओंदु, एरडु, मूरु. मुलाने 'थांब' म्हटलं की थांबायचं. मुलाला एकदा पटलं की ही बाई खरोखर थांबते, तर ते फार वेळा थांबवत नाही, हा त्यांचा अनुभव.

मंगल सिस्टर मूळच्या बिदरजवळच्या जनवाड्याच्या. वडील बाबूलाल शेतमजूर. घरात महिन्याचा पगार आणणारी पहिली व्यक्ती म्हणजे मंगल. गुलबर्ग्याला तीन वर्षं नर्सिंग शिकून १९९१ साली त्या बिदरच्या एका दवाखान्यात लागल्या आणि काही वर्षांत मुलांच्या खोलीत आल्या. खोलीत आठ खाटा. भाजलेली मुलं, हाड मोडून पाय वर टांगलेली मुलं. खरूज आणि फोडांची मुलं मात्र पलीकडच्या खोलीत, कारण त्यांचा संसर्ग भाजलेल्यांना परवडत नाही. दोन्ही खोल्या मंगल सिस्टरच्याच. त्यांची आई सरुबाई म्हणायची, "दिवसभर दुसऱ्याची लेकरं धुतीस, आन स्वतःची मला धुवायला लावतीस."

त्यांचा एक नियम होता. खाटेवर मुलाला दुखवायचं नाही. इंजेक्शन असो, पट्टी असो, जे काही दुखणारं आहे ते शेजारच्या पट्टीच्या खोलीत. खाट ही मुलाची हक्काची जागा. तिथे कोणी पांढऱ्या साडीतली बाई आली तर ती गोष्ट सांगायलाच आली, असं मुलाला वाटलं पाहिजे. प्रत्येक नव्या आईला, आजीला त्या हे पहिल्याच दिवशी सांगायच्या.

२००३ च्या जानेवारीत औरादकडच्या एका खेड्यातून धनलक्ष्मी आली. घरी तिला धनी म्हणत. धनीचे आईबाप दसऱ्यानंतर हैदराबादला बांधकामावर गेले होते आणि मुलगी आजीजवळ, रेणुकाबाईजवळ होती. पूर्वी या घरची मेंढरं होती, आता रेणुकाबाई हंगामात गुऱ्हाळावर कामाला जायची. तिने कढईतली काकवी ताटलीत काढून निवायला ठेवली होती. धनीने ती चहासारखी उचलून तोंडाला लावली. कढत काकवी हनुवटीवरून गळ्यावर ओघळली आणि तिथेच चिकटून राहिली.

डॉक्टरांनी रेणुकाबाईला स्पष्ट सांगितलं. जखम भरेल. भीती आहे ती मानेची. मान आखडली तर मोठं ऑपरेशन, तेही हैदराबादला.

म्हणून मंगल सिस्टरने धनीची उशी काढून घेतली. खांद्यांखाली कपड्याची गुंडाळी ठेवली, म्हणजे डोकं मागे झुकतं आणि गळा ताणलेला राहतो. "असंच निजवायचं मावशी, दिवसा बी आन रात्री बी." रेणुकाबाईने मान डोलावली.

आठवडा गेला. जखम लाल, स्वच्छ दिसत होती, पण गळ्यावरच्या पट्टीला दररोज आडवी घडी पडलेली असायची. धनीला "वर बघ, पंखा कुठंय?" म्हटलं की ती डोळे वर करायची, हनुवटी नाही. मंगल सिस्टरला काही कळेना. गुंडाळी तर जागेवर असायची.

नवव्या दिवशी दुपारी त्या जेवायला गेल्या आणि डबा उघडायच्या आधीच कपाटाची किल्ली खोलीत राहिल्याचं आठवून परत आल्या. धनीच्या खाटेच्या दोन्ही दांड्यांना रेणुकाबाईने आपलं लुगडं बांधलं होतं. त्या झोळीत धनी गाढ झोपली होती, गुडघे पोटाशी, हनुवटी छातीत रुतलेली. रेणुकाबाई एका हाताने झोका देत होती.

"मावशी, हे काय?"

"हळू बोल. आत्ताच डोळा लागलाय."

"कधीपासून बांधायलाव हे?"

"तू जेवायला गेलीस की बांधते, तू यायच्या आत सोडते." रेणुकाबाईने काही लपवलं नाही. "लेकरू झोपंना झालंय. उशी नको म्हनतीस, डोकं खाली सोड म्हनतीस. असं कोण झोपतंय बया? तुला लेकरं हाईत का न्हाईत?"

"दोन हाईत. आन दोघंबी माझं ऐकत न्हाईत. सरा बाजूला, उचलू द्या तिला."

रेणुकाबाई एका हाताने झोका देतच झोळीच्या पुढे येऊन उभी राहिली. "हात लावू नगं. तूच सांगितलीस न्हवं, खाटेवर लेकराला दुखवायचं न्हाई म्हणून? मंग आता कामून दुखवायलीस?"

शेजारच्या खाटेवरची, पाय टांगलेल्या मुलाची आई भागम्मा पदर तोंडाला लावून हसली.

मंगल सिस्टरचा नियम त्यांच्यावरच उलटवणारं आजवर कोणी भेटलं नव्हतं. त्या स्टुलावर बसल्या. नंतर त्यांनी मला सांगितलं, की राग आला होता, पण त्याच्याखाली दुसरंच काहीतरी टोचत होतं. काय करायचं हे त्यांनी या बाईला वीस वेळा सांगितलं होतं. कशासाठी, हे एकदाही नाही.

"मावशी, जखमेवर नवी कातडी धरायलीय," त्या म्हणाल्या. "ही कातडी भरताना आवळत जाते. मान खाली असताना आवळली तर ती हनुवटीला छातीकडं ओढून धरते. मग पुढं मान वर होत न्हाई. तांब्यानं पाणी प्यायचं म्हटलं तरी मागं झुकता येत न्हाई."

रेणुकाबाईचा झोका थांबला.

"म्हंजे घोंगडीवानी?"

"घोंगडी?"

"खळ लावल्यावर घोंगडी ताणून वाळवत्यात. चिंचोक्याची खळ अस्ती. चारी अंगानं ताण द्यायचा. दुमडलेली वाळली की ती घडी जल्मात जात न्हाई. माझा सासरा हातावर मारायचा, घडी ऱ्हायली तर."

"व्हय मावशी. अगदी तसंच."

"मंग हे पहिल्या दिशीच सांगायला तुझं तोंड दुखायलतं का?"

आता भागम्मा उघडउघड हसली. मंगल सिस्टरही हसल्या. रेणुकाबाई हसली नाही. तिने स्वतःच गाठी सोडल्या, धनीला छातीशी घेतलं आणि पुटपुटली, "काकवी बी मीच काढून ठिवली, आन घडी बी मीच घातली." गूळ तर तिने त्या दिवसापासून तोंडात घातला नव्हता.

"घडी अजून वाळली न्हाई," मंगल सिस्टर म्हणाल्या. "ओलीच हाय."

पण धनीला झोपवायचं कसं, हा प्रश्न तसाच होता. ती जागी झाली आणि रडायला लागली. गुंडाळीवर ठेवलं की कुशीवर वळायची, चेंडूसारखी गोल व्हायची. रेणुकाबाईने थोडा वेळ बघितलं आणि मग ती खाटेवर चढून भिंतीला टेकून पाय लांब करून बसली. तान्ह्या बाळाला न्हाऊ घालताना बाया बसतात तशी. धनीला तिने पायांवर उताणी घेतली. खांदे घोट्यांवर, डोकं पलीकडे जरा खाली, मऊ कपड्याच्या घडीवर. गळा आपोआप ताणला गेला. मग रेणुकाबाई पाय हळूहळू डावीउजवीकडे हलवू लागली आणि गुणगुणू लागली. धनी आधी हुंदके देत राहिली, मग पंख्याकडे बघत राहिली, मग झोपली.

संध्याकाळी डॉक्टर आले. त्यांनी वाकून धनीची हनुवटी बघितली, रेणुकाबाईचे पाय बघितले. "हे कोणी शिकवलं?"

"माझ्या सासूनं," रेणुकाबाई म्हणाली.

"असंच चालू द्या," डॉक्टर म्हणाले.

त्यानंतर त्या खोलीत गळा भाजलेलं लहान मूल आलं की मंगल सिस्टर आईला पहिल्या दिवशी दोन गोष्टी करायला लावायच्या. आधी घोंगडीची गोष्ट ऐकायची, मग खाटेवर पाय लांब करून बसायचं. शिकाऊ नर्सनाही बसवून दाखवायच्या.

पाचव्या आठवड्यात जखम भरली. आता नवी कातडी आवळू नये म्हणून मान ताणून धरणाऱ्या गळपट्ट्याची गरज होती. शहरातून मागवायचा तर मोठ्या माणसाच्या मापाचाच मिळत होता. मंगल सिस्टरचा नवरा राजपाल बिदरजवळच कोळारला एका गोदामात सामान बांधायच्या कामावर होता. त्याने साहेबाला विचारून फोमचे उरलेले तुकडे आणले.

"टीव्हीच्या काचेला लावायचा फोम," तो म्हणाला. "लेकरू बी सांभाळून न्यायचा मालच हाय म्हणा."

तुकडे कापून, मऊ सुती कापडात शिवून केलेले पहिले तीन पट्टे बसले नाहीत, चौथा धनीला नेमका बसला. त्याच आठवड्यात धनीचा बाप इरप्पा हैदराबादहून आला आणि मुलीला घेऊन जातो म्हणाला.

"पट्टा बांधता येतो का तुला?" रेणुकाबाईने विचारलं.

"त्यात काय येयाचं, आई?"

मंगल सिस्टरने उरलेल्या पट्ट्यांतला मोठा पट्टा इरप्पाच्याच गळ्यात घट्ट बांधला आणि त्याला तासभर तसंच बसवलं. खोलीतली मुलं त्याला बघून खिदळत होती. धनी तर बापाच्या मांडीवर उभी राहून त्याची हनुवटी दाबून बघत होती. तासाने इरप्पा घामाघूम झाला होता. "अक्का, हे लेकरू दिवसभर घालतंय?"

"दिवसा बी आन रात्री बी. आंघोळीपुरतं काढायचं. आठ महिने."

इरप्पाने गळ्यातला पट्टा सोडून मंगल सिस्टरच्या हातात दिला. मग म्हणाला, "आईजवळच ऱ्हाऊ दे."

दर महिन्याला रेणुकाबाई धनीला घेऊन औरादच्या बसने यायची. मंगल सिस्टर धनीला भिंतीला पाठ लावून उभं करायच्या, वर बघायला लावायच्या आणि हनुवटीपासून छातीच्या खळगीपर्यंत बोटं ठेवून मोजायच्या. मार्चला चार बोटं. एप्रिलला चार. जूनला साडेचार. ऑक्टोबरात, दसऱ्याच्या आधी, पाच बोटं. हनुवटीखाली एक जाडसर, चकाकती रेघ होती, तेवढीच. मान पूर्ण वर जात होती, दोन्ही खांद्यांकडे वळत होती. ऑपरेशनचं नाव आता कोणी काढत नव्हतं. डॉक्टरांनी कागदावर सही केली. रेणुकाबाईने पिशवीतून शेंगदाण्याची पोळी काढून सगळ्यांना वाटली, मग मंगल सिस्टरला बाजूला ओढलं.

"मंगल, एक सांगायचं ऱ्हायलंय. वरडू नगंस."

"काय केलाव आता?"

"चैतापासनं ऊन लई होतं. पट्ट्याखाली लेकराला घामोळं उठलं, खाजवून खाजवून रक्त काढायची. मी दिवसा काढून ठिवायले. निजताना बांधायची, सकाळी सोडायची. तुझ्याकडं येताना बसमधी बांधायची."

"किती महिने?"

"पाच. सहाबी असतील."

मंगल सिस्टरने ओरडायला तोंड उघडलं. समोर धनी डोकं मागे टाकून, कपाटावर बसलेल्या चिमणीकडे बघत होती. त्यांनी पोळीचा तुकडा तोंडात टाकला आणि धनीची हनुवटी पुन्हा एकदा मोजली. पाचच बोटं.

याला आता नऊ वर्षं होत आली. त्यांनी डॉक्टरांना विचारलं, गुलबर्ग्याच्या एका शिबिरात विचारलं. सगळे म्हणतात, पट्टा जितका जास्त वेळ तितकं बरं. मंगल सिस्टरला ते खोटं वाटत नाही. दुसऱ्या एखाद्या मुलावर कमी वेळ बांधून बघायची त्यांची हिंमतही नाही. एक मान वाचली म्हणून दुसरी वाचेलच असं नाही. त्यामुळे आजही त्या प्रत्येक आईला तेच सांगतात, आंघोळीपुरता काढायचा. पण उन्हाळ्यात एखादं मूल गळपट्ट्याच्या कडेला बोटं घालून खाजवताना दिसलं की त्या हातातलं काम थांबवतात आणि जवळ जो कोणी शिकलेला असेल त्याला विचारतात. मलाही विचारलं. नुसती रात्र पुरत असेल, तर दिवसभर या लेकरांना मी कशासाठी बांधून ठेवायलेय?