पडद्यावर थांबलेला भाऊ

थोरल्या भावाच्या हृदयात स्टेंट बसवून तेव्हा चार महिने झाले होते. तो जळगावला, मी धुळ्याला. डॉक्टरांनी त्याला रोज हलका व्यायाम सांगितला होता आणि ठोके मिनिटाला एकशे दहाच्या वर जाऊ द्यायचे नाहीत, असं बजावलं होतं. भाऊ म्हणाला, सकाळी सायकल घेऊन पाळधीपर्यंत जाऊन येत जाईन. मी फोनवरच भडकलो. हायवेवर, ट्रकांच्या रांगेत, एकटा, आणि वाटेत काही झालं तर? माझा स्वभावच असा. काळजी वाटली की मी आधी ओरडतो.

मग माझ्याकडे आहे तसंच घरात सायकल चालवायचं यंत्र, ट्रेनर म्हणतात ते, मी त्याच्यासाठी आणलं. सायकलचं मागचं चाक काढायचं, साखळी या यंत्रावर चढवायची आणि समोर टीव्हीवर अ‍ॅप लावायचं. आपण घरात पेडल मारतो, पडद्यावर आपला सायकलवाला डोंगर चढतो. चढ आला की पेडल आपोआप जड होतं. थांबलं की पडद्यावरचा माणूस एक पाय जमिनीवर टेकून उभा राहतो. जळगावला जाऊन जोडण्यात माझा अख्खा रविवार गेला, कारण अ‍ॅपला यंत्रच सापडेना. भावाच्या शेजारचे चाचा सुतारकाम करतात. फरशी हादरते म्हणून त्यांनी खाली ठेवायला जाड फळ्या ठोकून दिल्या. ठोके मोजायचा पट्टा छातीला कसा बांधायचा, तेही मी भावाला आणि वहिनीला दोनदा दाखवलं. आता त्याचे ठोके मला धुळ्यात बसून दिसणार होते. मी कॉलेजात गणित शिकवतो. आकडा समोर दिसला की माझा जीव भांड्यात पडतो.

रोज सकाळी सहाला आम्ही दोघं आपापल्या घरातून निघायचो आणि पडद्यावर शेजारी शेजारी चालायचो. मी रस्त्याकडे कमी आणि त्याच्या नावापुढच्या आकड्याकडे जास्त बघायचो. सुरुवातीला भाऊ प्रत्येक चढावर थांबायचा. आकडा एकशे पाचवर गेला की मी मेसेज टाकायचो, हळू. त्याचा नुसता अंगठा यायचा. पुढे तो एकदम सुधारला. चढावर थांबेना, आकडा शंभराच्या आत. एकदा मी त्याच्यासाठी सावकाश चाललो होतो, तर मला ओलांडून पुढे गेला. मी कॉलेजात सगळ्यांना सांगत सुटलो. मनातून थोडा जळलोही, खोटं कशाला बोलू? लळिंगचा घाट सायकलने चढणारा मी, आणि हा स्टेंटवाला पुढे!

असा महिना गेला. एका सकाळी, सपाट रस्त्यावर, त्याचा सायकलवाला पाय टेकून उभा राहिला. लाईट गेली असती तर तो पडद्यावरून नाहीसाच झाला असता. उभा आहे म्हणजे भाऊ उतरलाय, पाणी पीत असेल, असं मी मनाला सांगितलं. मग आकडा पाहिला. शंभर होता. बघता बघता एकशे बारा झाला. एकशे अठ्ठावीस. माणूस उभा, आणि ठोके चढतायत.

भावाला फोन लावला, उचलेना. वहिनीला लावला, उचलेना. एकशे चाळीस. चाचांना लावताना नंबर दोनदा चुकला. "थांबा, बघतो," म्हणून ते फोन चालू ठेवूनच धावले. मला दार ऐकू आलं, वहिनीचं रडणं ऐकू आलं.

"भाऊ पलंगावर आहेत," चाचा म्हणाले. "घामाने भिजलेत, छाती दाबून धरलीय. मी माझ्या गाडीतून दवाखान्यात नेतो."

"त्याला सायकलवरून पलंगावर कुणी आणलं?" मी ओरडलो. "चालवलं का त्याला?"

"सायकलवर भाऊ कुठे होते? वहिनी होत्या. महिना झाला, रोज त्याच बसतात."

पडद्यावर एकशे सेहेचाळीस झाले होते. ते वहिनीचे होते. महिनाभर ज्या आकड्यांवर मी निवांत झालो, ते सगळे तिचेच. भावाचे ठोके त्या क्षणी किती होते, हे जगात कुणालाच माहीत नव्हतं.

मी तसाच जळगावला निघालो; वाटेतलं पारोळा, एरंडोल कधी गेलं मला आठवत नाही. मला भीती वाटत होती आणि संतापही येत होता, दोन्ही एकाच वेळी. पोचलो तेव्हा भावाला आत नेलं होतं. आणखी एक रक्तवाहिनी बंद झाली होती. बाहेर बाकावर वहिनी बसली होती. साठी ओलांडलेली, गुडघे दुखणारी बाई. मी तिच्यावर ओरडलो. ते आठवलं की अजून लाज वाटते.

"भाऊजी, रागे भरू नका," ती म्हणाली. "महिनापासून त्यास्ले दम लागे. दवाखानामा चला म्हनं, तर आयकेत नही. धाकल्याले सांगू नको, तो उगाच घाबरी, म्हनेत. मंग सायकलवर मीच बसू." अंगठे मात्र भाऊच पाठवायचा, पलंगावर पडून.

दुसरा स्टेंट बसला. भाऊ वाचला. तिसऱ्या दिवशी तो उशीला टेकून बसला होता. माझ्याच्याने राहवलं नाही. मी त्याला म्हणालो, तू मला फसवलंस, मी रोज डोळ्यांत तेल घालून तुझी काळजी करत होतो.



"रोज सकायले तू आकडा देखे," तो म्हणाला. "पन महिनाभरमा एकदा तरी फोन करीसन इचारं का, भाऊ, कसा शेस?"

मी माझे मेसेज आठवले. हळू. पाणी पी. शाब्बास. आज चांगला चाललास. महिनाभराचे सगळे असेच होते. विचारलं नव्हतं.