गच्चीवरचा भास्कर

भास्कर गेल्याची बातमी मला व्हॉट्सॲपवर कळली. नंदनवन वस्तीतल्या त्याच्या सोसायटीच्या अध्यक्षांनी ती लिहिली होती, त्यामुळे मुद्द्यावर यायला तिला वेळ लागला. ‘ज्येष्ठ तंत्रज्ञ, निष्काम कर्मयोगी, समाजाचा आधारवड’ असं करत मजकूर तीन ओळी चालला होता. एवढा मोठा कोण माणूस गेला, असं मनाशी म्हणत मी चहाचा घोट घेतला... आणि चौथ्या ओळीत भास्करचं नाव आलं.

तो गुरुवार होता. रविवारी मला लॅपटॉप घेऊन त्याच्याकडे जायचं होतं. एका जुन्या सिरियलच्या एका भागाची शेवटची आठ मिनिटं आमची पाहायची राहिली होती. चाळीसेक वर्षांपासून राहिली होती.

आमचं घर सक्करदऱ्यात. गल्लीतला पहिला टीव्ही आमच्याकडे आला. भास्करचं घर समोर. तिथे त्याच्या वडिलांचा माग दिवसभर खटखटत असे. आम्ही दोघं बी.कॉम.ला होतो. रविवारी सकाळी एक इंग्रजी सिरियल लागायची, अंतराळातल्या एका पथकाची. त्यातला कॅप्टन चकचकीत, अंगाला घट्ट बसलेला पोशाख घालून दर दहा मिनिटांनी कोणाला तरी ठोसा मारायचा. त्याच्या सोबतीला चाकांवर चालणारं एक यंत्र होतं. ते हुबेहूब आमच्या धान्याच्या कोठीसारखं दिसे, फक्त वर पातेलं पालथं घातलेलं. म्हणून अख्खी गल्ली त्याला ‘कोठी’च म्हणायची. सिरियलचं खरं नाव कोणालाच सांगता आलं नसतं. इंग्रजी गल्लीत कोणाला येत नव्हतं. मला येतं असा एक समज होता, आणि तो दूर करण्याची मला कधी घाई वाटली नाही. भाषांतराचं काम माझ्याकडे होतं.

अँटेना धरण्याचं काम भास्करकडे होतं. गच्चीवर अँटेनाचा पाइप आवळून धरणारी पट्टी झिजली होती; वारा आला की अँटेना फिरायची आणि पडद्यावर मुंग्या यायच्या. ‘नवी पट्टी बसवा’ असं आई दर रविवारी म्हणे. वडील म्हणत, “काहून? भास्कर आहे नं.” भास्कर उंच होता, आणि मागावर बसून त्याच्या हाताला स्थिरपणा आला होता. एप्रिलच्या उन्हात डोक्याला दुपट्टा बांधून, त्याचंच एक टोक तापलेल्या पाइपाला गुंडाळून तो उभा राही. वरून आवाज यायचा, “आला काय गा?” खालून तीस माणसं ओरडायची, “आला, आला... गेला!” मी प्रत्येक संवादाचं भाषांतर दोनदा करायचो. एकदा खोलीसाठी, एकदा खिडकीतून गच्चीसाठी. भाग संपला की वरून विचारणा व्हायची, “आता सोडू काय?” पण तोवर जाहिराती लागलेल्या असत आणि मंडळी चहाला उठलेली असत. उत्तर कोणी देत नसे. भास्कर आणखी दहा मिनिटं धरून उभा.

म्हणजे त्या सिरियलचं एकही दृश्य त्याने पाहिलं नव्हतं. मी एकदा विचारलं, “तुले पाहावंसं नाही वाटत?”

“मी सोडलं तर तुम्ही काय पाहान?” तो म्हणाला.

मग तो भाग आला. एक ग्रह फुटणार होता. पथक यानात पोचेपर्यंत कोणीतरी लोखंडी दार धरून ठेवायला हवं होतं, आणि ते कोठीने धरलं होतं. मी खिडकीतून ओरडलो, “भास्कर, सगळे पळाले! कोठी एकटीच दार धरून आहे! भिंत पडून राहिली!”

मग जिन्यावर धाडधाड पावलं. घामाने निथळणारा भास्कर दारात उभा.

“वाचली काय गा?”

आम्ही त्याच्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे. पडद्यावर मुंग्या होत्या. “काहून उतरला रे बाप्पा!” आई ओरडली. तो तसाच वर पळाला. चित्र परत आलं तेव्हा एक गृहस्थ तुरीवरच्या अळीबद्दल सांगत होते. पुढच्या रविवारी ती सिरियलच बंद झाली.

गल्लीने त्याला माफ केलं नाही. आम्ही दोघं मात्र भांडत राहिलो. कोठी मेली, असं माझं मत. मी तेव्हा बरंच वाचत होतो आणि बलिदान मला फार भावे. भास्कर म्हणे, वाचली. “तू पाहिलं काय?” “मग तू पाहिलं काय?” हे भांडण त्याच्या लग्नाच्या मांडवात झालं, माझ्या मुलीच्या बारशाला झालं, खापरखेड्याच्या वीज केंद्रातून तो निवृत्त झाला त्या निरोप समारंभातही झालं.

यंदा माझ्या भाचीने तो भाग इंटरनेटवर शोधून दिला. भास्करच्या नाकाला तोवर ऑक्सिजनची नळी लागली होती. मी लॅपटॉप त्याच्या पलंगावर मांडला. कोठी पहिल्यांदा पडद्यावर आली, तेव्हा तो बराच वेळ बघत राहिला.

“एवढीशीच आहे काय?” तो म्हणाला. आणि मग, “आतल्या माणसाचे बूट दिसून राहिले गा.”

दाराचा प्रसंग आला. त्याने हात पुढे करून चित्र थांबवलं. “इथपर्यंत मले माहीत आहे. पुढचं रविवारी.”

“आज काहून नाही?”

“आज पाहिलं, तर रविवारी तू काहून येशील?”

शोकसभेत अध्यक्ष पाऊण तास बोलले. भास्करने घराघरांत प्रकाश पोचवला, असं त्यांनी तीनदा सांगितलं. भास्कर वीज केंद्राच्या भांडारात नटबोल्ट मोजत असे. शेजारी बसलेल्या सुलभावहिनी, त्याची बायको, माझ्या कानात म्हणाल्या, “बल्ब बदलायले मीच स्टुलावर चढून राहिली जन्मभर.” थोड्या वेळाने म्हणाल्या, “भाऊजी, घरी या. ते लावा. त्या कोठीपायी माझे कान किटले लग्नाच्या दिवसापासून.”

लावलं. भिंत कोसळली. धूळच धूळ. कॅप्टनने मान खाली घातली. मी जिंकत होतो, आणि मला जिंकायचं नव्हतं... मग धूळ बसली. कोठी उभी होती. पातेलं चेपलेलं, एक चाक निखळलेलं, दाराचा पत्रा अजून हातात. कॅप्टन धावत तिच्यापाशी गेला. ती एकच वाक्य बोलली.

“काय म्हणून राहिली?” वहिनींनी विचारलं.

आयुष्यात पहिल्यांदा मी जसंच्या तसं भाषांतर केलं. “विचारून राहिली, आता सोडू काय?”

वहिनी हसल्या. हसता हसता पदर डोळ्यांना लावला. “मंग सोड म्हणा नं कोणीतरी तिले!”

पण तोवर पडद्यावर शेवटची नावं सुरू झाली होती.

सक्करदऱ्यात घरी आल्यावर मी गच्चीवर गेलो. अँटेना कधीच भंगारात गेली, पाइप आहे. पट्टी अजून कोणी बदललेली नाही. पाइप हाताला गरम लागला.

“सोड गा आता,” मी म्हणालो.

तेवढ्यात वारा आला. पाइप हलायला लागला, म्हणून मी तो धरून ठेवला.