शोभेचा माईक

सगळा स्टुडिओ त्यांना हॅलोमामा म्हणायचा. दिवसभर माईकपुढे "हॅलो, हॅलो, एक दोन तीन" करत हिंडणाऱ्या माणसाला दुसरं काय म्हणणार? मामांनाही ते आवडायचं. बायको तेवढी कुरकुरायची, "बाहेर सगळ्यांना हॅलो, आणि घरात तोंडाला कुलूप!"

मामा मूळचे रेडिओवरचे. पुढे ते केंद्र बंद पडलं आणि ते टीव्हीत आले, तेव्हा तिथला एक जुना माईकही त्यांच्या मागोमाग आला. म्हणजे भंगारात निघालेल्या सामानातून नेपथ्यवाल्याने तो उचलून आणला आणि गप्पांच्या कार्यक्रमाच्या टेबलावर ठेवला. चांगला वीतभर उंच, छातीवर जाळी, खाली जाडजूड पितळी बैठक. "हा असला की कार्यक्रमाला वजन येतं," नेपथ्यवाला म्हणाला. वजन येत होतं, आवाज येत नव्हता. पाहुण्यांचा आवाज घ्यायला कॉलरला लावलेला झुरळाएवढा माईक होता. राबायचं झुरळाने आणि मिरवायचं हत्तीने, असा तो मामला.

मामांना ते बघवेना. या जातीच्या माईकपुढे त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. एका सुट्टीच्या दिवशी त्यांनी तो उघडला. आतली धातूची पट्टी, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ, तुटून लोंबत होती. मामांनी श्वास रोखून नवी बसवली, टेबलाच्या पोटातून तार काढली आणि ती आपल्या खोलीतल्या हेडफोनला जोडली. कार्यक्रमात तो आवाज जात नव्हता. फक्त मामांच्या कानात यायचा. पण काय आवाज! माणूस शेजारी बसून बोलतोय असा. आपण कुणाचं काही चोरतोय असं तेव्हा त्यांच्या मनातही आलं नाही.

आलं ते नंतर. जाहिराती सुरू झाल्या की मामा कॉलरचे माईक बंद करायचे. तसा नियमच होता, कारण तेवढ्यात लोक मोकळं बोलतात. शोभेचा माईक मात्र चालूच राहायचा. मुलाखत घेणाऱ्या ताई पडद्यावर धारदार, पण जाहिरातीत पाहुण्याला हळूच म्हणायच्या, "घाबरू नका हं, माझेही पाय टेबलाखाली लटपटतायत." एकदा त्या फोनवर आईच्या आजारपणाबद्दल बोलल्या आणि रडल्या. मामांनी तेव्हा हेडफोन काढला. पण मग पुन्हा घातला. ऐकण्याची सवय दारूसारखी, सुटता सुटत नाही.

एके संध्याकाळी एक वयस्कर गायिका पाहुण्या म्हणून आल्या. सगळे त्यांना नुसतं बाई म्हणत. कार्यक्रमाचं थेट प्रक्षेपण चाललं होतं. पहिला भाग छान रंगला. जाहिराती लागल्या आणि मामांच्या कानात बाईंचा आवाज आला.

"एक सांगू का गं तुला? मला गायला लावू नकोस."

"का हो बाई? घसा दुखतोय?"

"घसा ठणठणीत आहे. शब्द आठवत नाहीत. सूर येतो, शब्द येत नाही. घरीसुद्धा अजून कुणाला सांगितलेलं नाही मी."

 ताई म्हणाल्या, "नाही लावणार. माझा शब्द."

जाहिराती संपल्या. मामांच्या शेजारी बसलेल्या निर्मात्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्याने ताईंच्या कानातल्या यंत्रात सांगितलं, "आता गाणं घ्या. लोक त्याचीच वाट बघतायत." ताईंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि बाईंना बालपणाबद्दल विचारलं. निर्माता उखडला. "ताई, गाणं! आत्ता!" काचेपलीकडे ताईंचा चेहरा मामांना स्पष्ट दिसला. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. सगळ्यांसमोर वाद घालता येत नाही आणि दिलेला शब्द मोडवत नाही.

मामांच्या हातून आजवर कधी आवाज बिघडला नव्हता. तेवढीच त्यांची कमाई होती. त्यांनी समोरच्या यंत्रावरची बाईंच्या माईकची जोडणी बोटाने किंचित सैल केली. खर्रर्र झालं.

"आवाज फाटतोय," ते म्हणाले. "बोलणं कसंबसं सांभाळतो. गाणं नाही जमणार."

"आत्ताच बरा फाटला तुमचा आवाज!" निर्माता कपाळावर हात मारत ओरडला. मग ताईंना म्हणाला, "सोडा. गप्पाच मारा."

बाई गप्पा मारून, सगळ्यांना हसवून घरी गेल्या. निर्मात्याने मात्र मामांना चारचौघांत झापलं. "वय झालं तुमचं, मामा." मामांनी मान खाली घालून ऐकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी ताई त्यांच्या खोलीत आल्या. दार लोटून घेतलं.

"मामा, खरखर नेमकी गाण्याच्याच वेळी कशी आली?"

मामांना खोटं एकदाच जमलं होतं, दुसऱ्यांदा जमेना. त्यांनी काचेतून टेबलावरच्या माईककडे बोट दाखवलं. "तो चालू असतो, ताई. फक्त माझ्या कानात."

ताईंचा चेहरा उतरला. काय काय बोललोय आपण, याची त्या मनात उजळणी करत असाव्यात. "आईचं बोलले होते, तेही?"

"तेव्हा काढला होता हेडफोन." मग मामांनीच भर घातली, "पण उशिरा काढला."

"काल तुम्ही बाईंना वाचवलंत. मलाही वाचवलंत," ताई म्हणाल्या. "पण मामा, मला राग आलाय. उपकार झाले म्हणून राग नाहीसा होत नाही."

"होऊही नये," मामा म्हणाले.

त्यांनी स्टुडिओत जाऊन ताईंच्या देखत टेबलाखाली शिरून तार तोडली. गुडघे कुरकुरले, उठताना ताईंनी हात दिला. एवढंच. पुढे बरेच दिवस ताई जाहिरातीत ओठ मिटून बसायच्या. तार तुटलीय हे डोक्याला पटलं होतं, जिभेला पटत नव्हतं. निर्मात्याच्या बोलण्यापेक्षा हे मामांना जास्त लागलं.

मग एका कार्यक्रमात पाहुणा काहीतरी पुटपुटला आणि ताई टेबलावर डोकं टेकून हसत सुटल्या. काचेआडून मामा बघत राहिले.

घरी आल्यावर त्यांनी बायकोला हे सांगितलं. हल्ली ते घरी बरंच बोलत.

"अहो, पण एवढं हसण्यासारखं म्हणाला तरी काय तो?" तिने विचारलं.

"कुणास ठाऊक," मामा म्हणाले, आणि त्यांना फार बरं वाटलं.