काकांचा पोल्का

पाय या अवयवाचा इतका गैरवापर करणारा माणूस मी उभ्या आयुष्यात दुसरा पाहिला नाही. नव्वदच्या दशकात अमेरिकेत, नोव्हाय गावी ज्यांच्या बेसमेंटमध्ये मी भाड्याने राहायचो, ते हे काका. महिन्यातून एका रविवारी दुपारी कम्युनिटी हॉलमध्ये चार म्हाताऱ्यांचा बँड पोल्का म्हणजे उडत्या चालीचं नाचाचं संगीत वाजवायचा, साठीपुढची गोरी जोडपी गिरक्या घ्यायची, आणि त्यांत आमच्या काकांना घुसायचं असायचं. बर्फात ड्राइव्ह करायची त्यांना भीती, म्हणून ड्रायव्हर मी.

वाद्यं मांडलेल्या जागी बूट घालून कसं जायचं, म्हणून काका दारातच बूट काढायचे, स्टेजला नमस्कार करायचे आणि गुळगुळीत लाकडी फ्लोअरवर नुसत्या मोज्यांनी उतरायचे. पहिल्याच दिवशी ते घसरत थेट कॉफीच्या टेबलापर्यंत पोचले. लोकांना ती खास भारतातली स्टेप वाटली, टाळ्या पडल्या. झालं, तेव्हापासून हे मुद्दाम घसरायला लागले. तालाचं तर विचारूच नका. शाळेतल्या लेझमीचे आकडे ते मोठ्याने मोजायचे आणि वर मलाच सांगायचे, "ड्रमर चांगला आहे रे, पण जरा घाई करतो."

काकू भिंतीपाशी फोल्डिंग खुर्चीवर, मांडीवर पर्स घेऊन. दर गाण्याआधी काका त्यांच्यासमोर हात पुढे करून उभे राहायचे. "अगं, एकच." काकू म्हणायच्या, "काहीतरीच काय, लोक काय म्हणतील?" तीन हिवाळे हेच. त्या हॉलमध्ये काकांना खरं नाचायचं होतं ते फक्त काकूंबरोबर, हे मलाही कळत होतं. तरी मी शेजारी बसून हसू दाबायचो आणि मराठी मंडळाच्या पॉटलक जेवणाला सगळ्यांना त्यांची नक्कल करून दाखवायचो. काकूही असायच्या तिथे, वाढत.

मग ॲकॉर्डियन वाजवणाऱ्या आजोबांची बोटं दुखायला लागली आणि बँड बंद करायचं ठरलं. शेवटच्या रविवारी शेवटचं गाणं जाहीर झालं. काकांनी हात पुढे केला, काकूंनी तेच उत्तर दिलं. काका पहिल्यांदाच चिडले. "कोण लोक? इथे आपल्याला ओळखतं कोण?"

काकूंनी फक्त माझ्याकडे पाहिलं.

गाडी गरम करतो असं पुटपुटून मी बाहेर पडलो आणि हीटर लावून बसलो. बंद काचांतूनही बँड ऐकू येत होता. बऱ्याच वेळाने दोघं आले. काकूंना धाप लागली होती, आणि त्यांची पर्स काकांनी घरापर्यंत स्वतःच्या मांडीवर धरली होती. आजही आठवलं की लाज वाटते. ते तिन्ही हिवाळे मी गाडीतच बसून राहायला हवं होतं.