चोथ्याला आले चांगले दिवस

आमचे मामा वाइनच्या कारखान्यात सव्वीस वर्षं चोथा ओढतात. चोथा म्हणजे द्राक्षं पिळून रस काढून घेतला की मागे उरतं ते सगळं: सालं, बिया, देठ. रसासाठी कारखान्यात थंड खोल्या आहेत, लाकडी पिंपं आहेत, घोट घेऊन डोळे मिटणारी टायवाली माणसं आहेत. चोथ्यासाठी मामा. खोरं घेऊन प्रेसच्या पोटात शिरायचं, गाडा भरायचा आणि कुंपणापलीकडे ओतून यायचा. पुढे त्याला वास सुटायचा, आणि वासाबद्दलची बोलणीही मामाच खायचे.

घरी मामींना दमा. चुलीपुढे बसल्या की एका वाक्यात दोनदा थांबायच्या. डॉक्टरांनी सांगितलं, "धूर टाळा." सांगायला काय जातं! सिलेंडरच्या यादीत मामांचं नाव कितवं होतं, ते त्या यादीलाच ठाऊक. शेवटी मामांनी परसात खड्डा खणून गॅसची टाकी बांधली आणि शेजारणीच्या गाईचं शेण नि कारखान्याचा चोथा कालवून तिच्यात घातला. दोनदा टाकी आंबून बंद पडली. तिसऱ्यांदा त्यांना उमगलं, की चोथा मुळातच आंबट. तो रोज एक घमेलंच घालायचा, सोबत शेण आणि मूठभर चुना. तेव्हापासून नऊ वर्षं मामींची शेगडी त्या गॅसवर चालली. बियांचं तेल काढून मामा मामींच्या भेगाळलेल्या टाचांना लावायला द्यायचे. हंगाम संपताना वर्षभर पुरेल एवढा चोथा पिंपांत दाबून, झाकणं घट्ट लावून ठेवायचे. त्यांना कधी कोणी काही विचारलं नाही.

मग मॅनेजरसाहेब एका परिषदेला जाऊन आले. तिथलं जेवण उत्तम असणार, कारण येताना साहेबांना साक्षात्कार झालेला होता: कचरा हा कचरा नसतो, संपत्ती असते! पाठोपाठ सल्लागार आला. त्याने पडद्यावर गोल फिरणारे बाण दाखवले. बियांचं तेल अंगठ्याएवढ्या बाटलीत जाणार, सालांच्या पिठाची बिस्किटं होणार, उरलेल्या चोथ्याच्या गॅसवर बॉयलर चालणार. मी त्याच कारखान्याच्या लॅबमध्ये असते, त्यामुळे बिस्किटं चाखण्याचा मान माझा. दात अजून शाबूत आहेत. पण कल्पना चांगली होती, उगाच खोटं कशाला बोलू? मामांच्या परसात ती नऊ वर्षं बाणांशिवाय चाललीच होती.

चोथा संपत्ती झाला त्याच आठवड्यात मामा चोर झाले. वॉचमन ट्रॅक्टर घेऊन आला आणि परसातली पिंपं उचलून घेऊन गेला. "मामा, वरून ऑर्डर आहे," एवढं तो जमिनीकडे बघून म्हणाला. मामांची नोकरी तेवढी राहिली, कारण संपत्ती झाली तरी गाडा ओढायला माणूस लागतोच. नुसत्या शेणावर शेगडी एक वेळचा चहा कसाबसा उकळायची. मामींनी पुन्हा चूल पेटवली. आमचं घर लागूनच, त्यांचं खोकणं भिंतीपलीकडून ऐकू यायचं, आणि मला साहेबांचा इतका संताप यायचा की त्यांच्या चाखायच्या पेल्यात काहीतरी कालवावं असं वाटायचं.

कारखान्याची नवी टाकी तयार झाली तेव्हा मामा आपणहून सांगायला गेले.

"साहेब, एकदम भरू नका. आंबेल."

"काका, आत सेन्सर आहेत," सल्लागार हसून म्हणाला.

सेन्सर होतेच, नाही कोण म्हणतं? पण उद्घाटनाला पाहुण्यांसमोर मोठी ज्योत पेटवायची होती. मोठी ज्योत म्हणजे भरपूर चोथा, असा सरळ हिशेब करून अख्ख्या हंगामाचा चोथा चार दिवसांत आत ढकलला. सेन्सर बोंबलले. मी अहवाल लिहिला, तो कोणाच्या तरी चहाच्या कपाखाली गेला. उद्घाटनाला साहेबांनी सात काड्या ओढल्या आणि सातही विझल्या. पाहुण्यांनी बिस्किटं चावत टाळ्या वाजवल्या. सल्लागाराचा फोन दुसऱ्या दिवसापासून बंद.

माझा पुढचा अहवाल मात्र साहेबांनी दोनदा वाचला. आंबलेल्या टाकीला चुना हवा, शिवाय चोथा पचवणाऱ्या जिवंत टाकीतलं विरजण हवं, आणि तशी टाकी आसपास एकच आहे, असं मी त्यात लिहिलं होतं. कोणाची, ते जाड अक्षरात.

साहेब टँकर आणि सोबत मला घेऊन मामांच्या परसात आले.

"मामा, तुम्ही तर आपल्या घरचेच!"

"किती पाहिजे?" मामांनी विचारलं.

"अर्धी टाकी."

"आमची पिंपं परत पाहिजेत. आणि दर हंगामाला चोथा मिळेल, असं लिहून पाहिजे."

साहेबांनी टँकरच्या बॉनेटवर कागद ठेवून लिहून दिलं. मामा झाकण उघडायला वाकले, तेवढ्यात मामी चौकट धरून दारात उभ्या राहिल्या.

"अर्धी काढली की आमची टाकी थंड पडेल. किती दिवस हो?"

"पंधरा," मामा म्हणाले.

"पंधराच ना, वहिनी!" साहेब हसले.

"मग ते पंधरा दिवस..." मामींना दम घ्यावा लागला. आम्ही सगळे थांबलो. "दोन वेळचा डबा तुमच्या घरून. कँटीनचा नको. तुमच्या घरून."

साहेबांनी मामांकडे बघितलं. मामा टाकीकडे बघत होते. साहेब हो म्हणाले.

आणि खरंच, डबा आला. पहिल्या दिवशी ड्रायव्हर घेऊन आला, तेव्हा मामींनी डबा परत धाडला. मग साहेब स्वतः आणू लागले. मामी पायरीवर पाय पसरून बसायच्या, डबा उघडायच्या, आणि भाजीत मीठ कमी असेल तर तसं सांगायच्या. जन्मात पहिल्यांदा त्या मामांच्या आधी जेवत होत्या, तेही गरम. आठवड्याभरात एक वाक्य न थांबता पुरं करू लागल्या.

पंधरा दिवस उलटले, तरी मामी साहेबांना "टाकी अजून थंडच" म्हणायच्या, म्हणून डबा चालूच होता. अठराव्या दिवशी मी सहज आत डोकावले. शेगडीवर पाणी खळखळ उकळत होतं, ज्योत चांगली वीतभर. बाहेर साहेब डबा घेऊन चढ चढत होते.

"मामी, गॅस आला की! कधीपासून?"

"झाले तीन-चार दिवस," मामींनी शेगडी बारीक केली आणि पायरीवर जाऊन बसल्या. "तू आत बस, आणि दार लोटून घे."